‘उदास’ या शब्दाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘उदास’ म्हणजे नेमकं काय?

कशात मन लागत नाही, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, आणि ‘काय झालं?’ असं कुणी विचारलं तर पटकन सांगता येत नाही. हे तिन्ही एकत्र आलं की मराठी माणूस ‘उदास’ म्हणतो. शब्दकोशात ‘खिन्न, दुःखी, म्लान’ असे प्रतिशब्द सापडतात. ते चूक नाहीत, पण त्यांवरून शब्द वापरता येत नाही. ‘उदास’मध्ये रडणं नसतं, चिडणं नसतं, तक्रारही फारशी नसते. माणूस जरासा बाजूला जाऊन बसलेला असतो, एवढंच. हे ‘बाजूला बसणं’ लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मग ‘दुःखी’ आणि ‘उदास’ यांत फरक काय?

लग्नघराचं उदाहरण घ्या. पाठवणीच्या वेळी आई हमसून रडते, बाप पाठ फिरवून डोळे पुसतो. ते दुःख. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडववाले कनाती गुंडाळत असतात, अंगणात अक्षता आणि पत्रावळ्यांचे तुकडे पडलेले असतात, उरलेले लाडू कुणीतरी डब्यात भरत असतं. कुणीच रडत नाही. चहा झालेला असतो, पण कप तसेच पडून. ते घर उदास असतं.

दुःखाला कारण असतं आणि ते सांगताही येतं: अमुक गेलं, तमुक बुडालं. उदासपणाला कारण असलं तरी ते लांबचं असतं, नाहीतर सापडतच नाही. म्हणून ‘परीक्षेत नापास झाल्यामुळे तो उदास झाला’ हे वाक्य व्याकरणात बसत असलं तरी मला थोडं बेचव वाटतं. नापास झाल्याच्या दिवशी पोरगं रडेल, घाबरेल, चिडेल. उदास ते आठवडाभरानं दिसेल, मित्र नव्या वर्गाची पुस्तकं घ्यायला निघाले की.

घरात मात्र ‘मी उदास आहे’ असं कुणी म्हणताना ऐकू येत नाही. का?

बरोबर पकडलंत. बोलण्यात आपण ‘मला उदास वाटतंय’ म्हणतो, ‘मी उदास आहे’ नाही. मराठीत भूक लागते, थंडी वाजते, राग येतो, भीती वाटते. हे सगळं आपल्याकडे ‘मला’ होतं. उदासपणाही त्यातलाच. भाषांतराच्या यंत्रातून निघालेलं ‘मी दुःखी आहे’ हे वाक्य तर मी आजवर एकाही स्वयंपाकघरात ऐकलेलं नाही. नाटकात ऐकलंय, तेही जुन्या.

आणखी एक गोष्ट. रोजच्या बोलण्यात बहुतेकदा ‘उदास’ हा शब्दच येत नाही, त्याचं काम ‘करमत नाही’ करतं. लेक पुण्याला शिकायला गेली की आजी म्हणते, ‘पोरगी गेल्यापासून करमत नाही बघ.’ गावाकडे तेच ‘करमंना’ होतं. शिवाय ‘कशात मन लागत नाही’, ‘चैन पडत नाही’, ‘कसंतरीच वाटतंय’, ‘कसंनुसं होतंय’ हे आहेतच. ‘करमणे’ आणि ‘करमणूक’ एकाच घरातले, हे ध्यानात आलं की ‘करमत नाही’चा अर्थही नीट उलगडतो: वेळ जात नाही आणि जीव रमत नाही. ‘उदास’ त्याच्या शेजारचा शब्द आहे, पण जरा नीटनेटका, लिहिण्यातला. कथेतल्या पात्रासाठी ‘उदास’ लिहा, पण त्याच पात्राच्या तोंडी संवाद देताना आधी ‘करमत नाही’ घालून बघा.

तुकोबांच्या अभंगात ‘उदास विचारे वेच करी’ असं आहे. पैसे खर्च करताना उदास का व्हायचं?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे आणि विचारणाऱ्यांत शाळकरी मुलांपेक्षा त्यांचे पालक अधिक असतात. ओळ अशी:

जोडोनियां धन उत्तम वेव्हारें ।
उदास विचारें वेच करी ॥

आजच्या अर्थानं वाचलं तर चित्र विनोदी होतं. माणूस प्रामाणिकपणे पैसे कमावतो आणि तोंड पाडून खर्च करतो. महिनाअखेरीला आपलं तसंच होतं हे खरं, पण तुकोबांना ते म्हणायचं नाही. ‘वेच’ म्हणजे व्यय, खर्च. आणि ‘उदास’ म्हणजे अलिप्त, निर्लोभ. चांगल्या मार्गानं धन जोडावं आणि त्यात जीव न अडकवता ते खर्चावं. ‘हे माझं, मी दिलं’ असं मनात न ठेवता. याच अभंगात पुढे परोपकार, गाईगुरांचं पालन, रानावनात तहानलेल्याला पाणी असं सगळं येतं. खर्च कशावर करायचा, तेही सांगून झालं.

म्हणजे सतराव्या शतकात ‘उदास’ हे कौतुकाचं विशेषण होऊ शकत होतं. ‘तो संसारात उदास आहे’ याचा अर्थ तो बायकोशी भांडून कोपऱ्यात बसलाय असा नव्हता. त्याची ओढ संसारातून सुटली आहे असा होता. जुन्या पिढीतल्या काहींच्या बोलण्यात हा अर्थ अजून डोकावतो. आमच्या शेजारच्या आजी कुणीतरी वारीला गेलेलं परत न आल्याचं सांगताना म्हणायच्या, ‘तो उदास होऊन निघून गेला.’ लहानपणी मला वाटायचं, फार रडला असेल बिचारा.

संतसाहित्य वाचताना एक साधी कसोटी लावा. ‘उदास’च्या जागी ‘अलिप्त’ घालून पाहा. वाक्य नीट बसलं तर अर्थ तोच.

शब्द आला कुठून?

संस्कृतातून. ‘आस्’ म्हणजे बसणे. त्याला ‘उद्’ हा उपसर्ग लागला. उदास म्हणजे उठून वेगळा, बाजूला बसलेला. त्याच धातूपासून ‘आसन’ आणि ‘आसीन’. आणि गंमत अशी की ‘उपासना’ही त्याच धातूची: उप म्हणजे जवळ, म्हणून जवळ बसणं ती उपासना. एक जवळ बसणं, एक दूर बसणं.

मनाच्या अवस्थांना बसण्याउठण्याचे शब्द देण्याची संस्कृतची खोड जुनीच. ‘सद्’ म्हणजेही बसणे, खचणे. त्यापासून ‘विषाद’ आणि ‘विषण्ण’ आले, आणि त्याच धातूपासून ‘प्रसन्न’सुद्धा. हिंदीत डिप्रेशनला ‘अवसाद’ म्हणतात, तोही याच कुळातला. उदासात ‘दास’ शोधणारे लोक भेटतात. तिथे दास नाही.

‘उदास’ आणि ‘उदासीन’ एकच का?

मूळ एक, पण आज दोघांची घरं वेगळी झाली आहेत. ‘ती उदास आहे’ म्हणजे तिला बरं वाटत नाहीये. ‘ती उदासीन आहे’ म्हणजे तिला काही पडलेली नाही. पहिलीची विचारपूस करायची, दुसरीशी भांडायचं. अलीकडे मजकूर तपासताना ‘आई गेल्यापासून तो उदासीन राहू लागला’ असं वाक्य वारंवार हाती येतं. लिहिणाऱ्याला ‘उदास’च म्हणायचं असतं, वजन वाढावं म्हणून ‘ईन’ जोडलेलं असतं. वजन वाढत नाही, अर्थ बदलतो.

पण हे वेगळं घर फार जुनं नाही, आणि हा सगळा प्रवास ‘उदासीनता’ या एका शब्दात दिसतो. गीतेच्या बाराव्या अध्यायात आवडत्या भक्ताची लक्षणं सांगताना श्लोक येतो: ‘अनपेक्षः शुचिर्दक्ष उदासीनो गतव्यथः’. कशाची अपेक्षा नसलेला, शुद्ध, दक्ष, उदासीन आणि ज्याची व्यथा गेली आहे असा. ‘उदासीन’च्या एका बाजूला ‘दक्ष’ उभा आहे आणि दुसऱ्या बाजूला ‘गतव्यथ’. म्हणजे इथला उदासीन माणूस दुःखीही नाही आणि बेफिकीरही नाही. आज आपण ‘प्रशासन दक्ष नाही, उदासीन आहे’ असं लिहितो, तेव्हा गीतेनं शेजारी बसवलेल्या दोन शब्दांना समोरासमोर उभं करत असतो.

मग समर्थ रामदास. मनाच्या श्लोकांत ते म्हणतात:

जगीं होइजे धन्य या रामनामें ।
क्रिया भक्ति ऊपासना नित्य नेमें ॥
उदासीनता तत्त्वता सार आहे ।
सदा सर्वदा मोकळी वृत्ति राहे ॥

उदासीनता हे सार! आणि तिचं फळ काय, तर मोकळी वृत्ती. वरच्या ओळीत ‘ऊपासना’ आहे तेही पाहा. देवाजवळ बसा आणि जगापासून जरा सरकून बसा. एका धातूचे दोन शब्द एका श्लोकात. समर्थांनी ते मुद्दाम केलं की ओघात आलं, हा वाद घालायला मला आवडेल.

त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी बालकवी (1890–1918) येतात आणि लिहितात, ‘कोठुनि येते मला कळेना / उदासीनता ही हृदयाला’. इथे उदासीनता सार नाही, बोचणी आहे. विरक्तीचा मोकळेपणा गेला आणि कारण न कळणारी उदासी आली. आपण आज ‘उदास’ शब्दानं जे म्हणतो ते बालकवी ‘उदासीनता’ शब्दानं म्हणत होते, आणि त्यांच्या वाचकाला ते खटकत नव्हतं.

आणि आज? वर्तमानपत्र उघडा. ‘मतदारांची उदासीनता’, ‘खड्ड्यांबाबत पालिका उदासीन’. सार, मग हुरहुर, मग खड्डे. इतक्या खाली आलेला दुसरा शब्द चटकन आठवत नाही.

माझं मत विचाराल तर ही घसरण अगदीच अनाकलनीय नाही. बाजूला बसलेल्या माणसाकडे बघणारा ठरवतो, तो कोण आहे ते. त्याला आदरानं पाहिलं तर तो विरक्त. मायेनं पाहिलं तर उदास. आपलं काम त्याच्या टेबलावर अडकलं असेल तर उदासीन.

भाचीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘पाणी उदासीन असते’ असं लिहिलंय. छपाईची चूक आहे का?

चूक नाही. शुद्ध पाणी आम्लही नाही आणि आम्लारीही नाही, दोन्ही पक्षांपासून बाजूला, म्हणून उदासीन. त्याचा सामू (pH) 7. तांबडा लिटमस बुडवा की निळा, रंग बदलत नाही. आम्ल आणि आम्लारी एकमेकांत मिसळून क्षार आणि पाणी तयार होतं त्या क्रियेला ‘उदासिनीकरण’ म्हणतात. माती परीक्षणाच्या अहवालातही जमीन आम्लधर्मी, विम्लधर्मी (म्हणजे आम्लारीच्या गुणाची) की उदासीन, हे असतं.

थोडक्यात, ‘उदासीन’चा जुना, निर्मळ अर्थ आज शाळेच्या प्रयोगशाळेत टिकून आहे. राजनीतीतही तो होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या राजमंडलात, म्हणजे आसपासच्या राजांच्या वर्तुळात, विजिगीषू (जिंकू पाहणारा), अरी (शत्रू), मध्यम यांच्याबरोबर ‘उदासीन’ राजा येतो. तो रडका नाही. तो या भांडणाबाहेरचा आणि चांगलाच बलवान आहे, म्हणून त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष.

कुंभमेळ्याच्या बातम्यांत ‘उदासीन आखाडा’ असतो, त्याचा याच्याशी संबंध?

आहे. उदासी पंथाची परंपरा गुरू नानकांचे पुत्र श्रीचंद यांच्याकडे जाते. इथेही अर्थ विरक्त असाच. नानकांच्या दूरदूरच्या यात्रांनाही पंजाबीत ‘उदासी’ म्हणतात: घरदार सोडून निघणं. सिंहस्थात वैष्णव आखाडे नाशिकला रामकुंडावर आणि शैव व उदासीन आखाडे त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर स्नान करतात. तिथली मिरवणूक पाहिली असेल तर त्यात उदास असं काहीही नसतं, हे सांगायला नको.

घर, रस्ता, संध्याकाळ उदास कशी असू शकते? निर्जीव वस्तूला मन असतं का?

मन बघणाऱ्याचं असतं, शब्द वस्तूला चिकटतो. मराठीत ही सवय फार पक्की आहे, इतकी की माणसापेक्षा जागेलाच ‘उदास’ जास्त लागतो असं मला कधी कधी वाटतं. ‘घर कसं उदास उदास वाटतंय’ हे वाक्य गणपती उठल्याच्या रात्री किती घरांत म्हटलं जातं! मखर तसंच असतं, समया तशाच, पण पाट रिकामा. विसर्जनाहून आलेली मंडळी त्या पाटावर नदीतली थोडी वाळू ठेवतात आणि दिवा तेवत ठेवतात, तरी कुणी तिकडे फार वेळ बघत नाही. दोनदा म्हटलेलं ‘उदास उदास’ इथेच शोभतं. एकदा म्हटलं तर माहिती होते, दोनदा म्हटलं तर भावना.

‘भकास’ याच्या पुढची पायरी. भकास गावात माणसंच उरलेली नसतात किंवा झाडं वाळून गेलेली असतात. उदास जागी माणसं असतात, पण गप्प. माणसाला मात्र भकास म्हणत नाहीत, त्याची नजर भकास असू शकते.

संध्याकाळीच उदास वाटण्याला आपल्याकडे स्वतंत्र शब्द आहे: कातरवेळ. दिवेलागणीच्या आधीची, धड उजेड नाही आणि धड अंधार नाही अशी घटका. ‘तिन्हीसांजेला असं तोंड पाडून बसू नये’ असं दटावून मोठी माणसं आपल्याला परवचा म्हणायला बसवायची. तो त्यांचा इलाज.

आणि ‘उदासवाणा’? केविलवाणा, दीनवाणा, लाजिरवाणा यांच्याच ठशाचा. अर्थ जवळपास ‘उदास’ हाच, पण थोडा बाहेरून पाहिलेला: उदासवाणं हसू, उदासवाणी दुपार. स्वतःबद्दल ‘मला उदासवाणं वाटतंय’ म्हणतात, ‘मी उदासवाणा आहे’ मात्र नाही.

खिन्न, विषण्ण, हताश, हिरमुसला: कधी काय वापरू?

‘हिरमुसला’ मुलांसाठी ठेवा, किंवा मुलासारखा रुसलेल्या मोठ्यासाठी. सहल रद्द झाली की पोरं हिरमुसतात. आइस्क्रीम दिलं की संपतं. ‘खिन्न’ला काहीतरी पाहिल्या-ऐकल्याचा संदर्भ लागतो: बातमी वाचून मन खिन्न झालं. ‘विषण्ण’ जड शब्द आहे, दंगल, दुष्काळ, मोठा अपघात अशा ठिकाणी. मॅच हरल्यावर ‘विषण्ण’ लिहू नका. ‘निराश’मध्ये आशा होती आणि ती गेली, ‘हताश’मध्ये हातपायही गळाले. ‘हुरहुर’ पुढच्याची असते, ‘खंत’ मागच्याची, ‘रुखरुख’ राहून गेलेल्या बारीकशा गोष्टीची.

शोकसंदेशात ‘उदास’ चालेल का?

नको. एका व्हॉट्सअ‍ॅप गटावर कुणीतरी ‘काका गेल्याचं वाचून उदास वाटलं’ असं लिहिलेलं मी पाहिलं. हेतू चांगलाच होता, पण ज्यांच्या घरी माणूस गेलंय त्यांना ते पावसाळी हवेबद्दल लिहिल्यासारखं लागलं. ‘ऐकून फार वाईट वाटलं’ हे साधं वाक्य पुरतं. औपचारिक पत्रात ‘आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत’. तेराव्यानंतर महिन्याभरानं भेटायला गेलात आणि ‘घर उदास वाटतं हो त्यांच्याशिवाय’ म्हणालात, तर ते मात्र अगदी योग्य जागी पडेल.

उदास वाटणं म्हणजेच डिप्रेशन का?

नाही, आणि दोन्ही बाजूंनी नाही. कातरवेळी उदास वाटणं हा आजार नव्हे. उलट, दोन आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस रोज मन खचलेलं असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आवडत्या गोष्टींतही रस उरला नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर त्याला ‘जरा उदास आहे, होईल ठीक’ म्हणून झाकू नये. त्यासाठी मराठीत ‘नैराश्य’ हा शब्द रुळला आहे आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांकडे जावं, सरकारची टेलि-मानस ही मोफत मदतवाहिनी 14416 या क्रमांकावर आहे. शब्दाच्या छटांचा काथ्याकूट करायला इतर दिवस आहेत.

लिहिताना काय सांभाळावं?

‘उदास’ला लिंगवचनाची कटकट नाही: उदास मुलगा, उदास मुलगी, उदास घरं. ‘उदासवाणा’ मात्र बदलतो. क्रियाविशेषण म्हणूनही तो तसाच चालतो, ‘ती उदास हसली’; ‘उदासपणे’ची दर वेळी गरज नाही.

नाम हवं असेल तर ‘उदासपणा’ सगळ्यांत सुरक्षित. ‘उदासी’ हिंदीच्या सोबतीनं आता मराठीतही मोकळेपणानं फिरते, कवितेत विशेष. मला ती खटकत नाही. पण तिला ‘ने’ लावला की ‘उदासीने’ होतं आणि घाईत वाचणारा ‘उदासीन’ वाचतो. अशा वेळी वाक्य फिरवा.

‘औदासीन्य’मध्ये ‘सी’ दीर्घ. ‘औदासिन्य’ असं सर्रास छापलं जातं, ते ‘उदासीन’कडे न पाहता लिहिल्यामुळे. ‘औदासीन्यता’ तर मुळीच नको. ‘औदासीन्य’ हे आधीच भाववाचक नाम आहे, त्याला पुन्हा ‘ता’ लावणं म्हणजे ‘उदासपणापणा’ म्हणण्यासारखं. ‘सौजन्यता’ लिहिणारे आणि हे लिहिणारे बहुधा एकच, आणि दुरुस्ती पाठवली तर ते दोन-तीन दिवस माझ्याशी बोलत नाहीत.